आर्डेलने ऐकलेले तास

स्टोर्डालच्या दवाखान्यात, वजनकाट्याच्या वरती, दुखणं सांगायची एक पट्टी चिकटवलेली आहे. शून्य ते दहा आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली एक गोल चेहरा. शून्याचा हसरा, दहाचा ओक्साबोक्शी रडणारा. ही पट्टी ज्याने कुणी काढली तो उत्तर डकोटाच्या या कोपऱ्यात कधी फिरकला नसणार. इथे नॉर्वेहून आलेल्यांची पाचवी पिढी गहू पिकवते आणि पाचही पिढ्यांत दोनच्या वर आकडा कुणी सांगितलेला नाही. कार्स्टन हॉवलंडला हृदयाचा झटका आला तेव्हा तो स्वतः पिकअप चालवत आला, दोन पांढऱ्या रेषांच्या बरोबर मधोमध गाडी लावली, टोपी काढली आणि म्हणाला, ‘‘दोन असेल. दीड म्हणा.’’ तीन म्हटलं की मुलं विमानाने घरी येतात आणि मग त्यांच्या चादरी धुवाव्या लागतात.

या दोनवाल्या गावात लॉवेल ब्रेक्के एकतीस वर्षं फिजिशियन असिस्टंट आहे. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरच्या हाताखाली राहून डॉक्टरचंच काम करणारा माणूस. फक्त हे डॉक्टर बहात्तर मैलांवरच्या शहरात असतात. महिन्यातून एकदा ते पडद्यावर दिसतात, ‘‘सगळं ठीक?’’ विचारतात, लॉवेल ‘‘ठीक’’ म्हणतो, आणि सहीचा कागद पुढे सरकतो. उरलेले सगळे दिवस लॉवेलचे. ताप, टाके, साखर, रक्तदाब, गुडघ्यातलं इंजेक्शन, पायाच्या अंगठ्यात रुतलेलं नख. रुतलेल्या नखांत तर त्याचा हात धरणारा तीन तालुक्यांत नाही.

वय एकोणसाठ. मूळचा उंच, पण लोकांच्या घशात आणि कानात वाकून बघता बघता पाठीने तोच आकार धरला. आधी सैन्यात जखमा बांधायचं काम केलं, मग त्या जोरावर शिकून इथेच परत आला, कारण बाप म्हणाला होता, ‘‘शेत नाही सांभाळायचं तर निदान माणसं तरी सांभाळ.’’ दवाखान्यात कुठेही हात घाला, लॉवेलचा अर्धा प्यालेला गार कॉफीचा कप लागतो. तो दमलेला आहे हे गावाला माहीत आहे, आणि गावाला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. पण कुणी ‘‘कसा आहेस?’’ विचारलं तर तो ‘‘चाललंय’’ म्हणतो. तोही शेवटी याच गावचा.

त्याची बायको मॅरिस दर हिवाळ्यात अॅरिझोनात बहिणीकडे जाते. फोनवर तिचं एकच पालुपद असतं. ‘‘बंद कर आता ते दुकान. इथे अंगणात संत्री लागलीत लॉवेल, झाडाला. डिसेंबरात.’’

या सगळ्यावर कळस म्हणजे तास.

फिजिशियन असिस्टंटला दर दोन वर्षांनी शंभर तास शिकल्याचं दाखवावं लागतं. खोकला, मधुमेह, पाठदुखी, पुरळ, म्हणजे रोज जे बघतो तेच, पण नव्याने. मुदत एकतीस डिसेंबर. शंभर भरले नाहीत तर प्रमाणपत्र जातं, आणि लॉवेलचं प्रमाणपत्र गेलं तर स्टोर्डालच्या दवाखान्याला कुलूप. मग चारशे बारा माणसांनी साधा घसा दाखवायलाही बहात्तर मैल जायचं, तेही बर्फातून.

शहरातला तरुण असिस्टंट त्यासाठी चार दिवस कुठल्यातरी समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात परिषदेला जातो, सकाळी गळ्यातला बिल्ला दाराशी दाखवतो आणि दुपारी पोहतो. लॉवेल गेला तर दवाखान्यात कोण बसणार? म्हणून तो सगळे तास कॉम्प्युटरवर करायचा. व्याख्यान चालू करायचं, ते तासभर चालतं, पुढे पळवता येत नाही. दर दहा मिनिटांनी पडद्यावर प्रश्न येतो: ‘तुम्ही अजून आहात का?’ तिथे ‘हो’ दाबावं लागतं, नाहीतर व्याख्यान थांबून राहतं. शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा. सात बरोबर आले की पास. नाही आले तर लगेच पुन्हा द्यायची, हवी तितक्यांदा. तिसऱ्या खेपेला गाढवही पास होतं, फक्त त्याला उत्तरांचा क्रम लक्षात ठेवता यायला हवा.

दवाखान्यात इंटरनेट नीट चालतं ते एकाच ठिकाणी, पुढच्या खोलीतल्या टेबलावर. आणि ते टेबल आर्डेल फॉसमचं.

आर्डेलचं वय सदुसष्ट. फोन घेणं, नावं लिहिणं, कागद लावणं आणि आलेल्या माणसाकडे बघून ‘‘हा थांबू शकतो’’ किंवा ‘‘हा थांबू शकत नाही’’ ठरवणं, हे तिचं काम. शिक्षण बारावी आणि तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात. हातात कायम विणकाम.

दोन वर्षांपूर्वी एकदा व्याख्यान सुरू असतानाच कुणीतरी करवतीने कापलेला हात घेऊन आलं. लॉवेल उठता उठता म्हणाला, ‘‘आर्डेल, तेवढं दहा मिनिटांनी ‘हो’ दाब गं.’’ तिने दाबलं. मग ती रीतच पडली. दवाखाना भरलेला असला की लॉवेल सकाळी व्याख्यान लावून द्यायचा आणि आत जायचा. आर्डेल विणत विणत ‘हो’ दाबायची. दुपारी लॉवेल सँडविच खात परीक्षा द्यायचा, दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास, आणि त्याच्या नावाचं प्रमाणपत्र छापून यायचं. त्याच्या मनाला थोडं लागायचं. पण त्याच खोकल्यावर, त्याच पाठदुखीवर एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला आणखी तासभर पाठदुखी ऐकवणं म्हणजे त्याच्या पाठीला शिक्षाच, असं तो स्वतःला समजवायचा.

डिसेंबर उजाडला तेव्हा ब्याऐंशी तास झाले होते. अठरा बाकी. ‘‘होतील,’’ लॉवेल म्हणाला. ‘‘मोजे पण होतील,’’ आर्डेल म्हणाली.

मिसेस क्वाम दवाखान्यात आल्या त्या बुधवारी, तीन तारखेला. बोर्गहिल्ड क्वाम, वय एक्क्याऐंशी. गावातल्या निम्म्या लोकांना चौथीत शिकवलेलं, लॉवेलला धरून. आणि चाळीस वर्षं चर्चमधला ऑर्गन वाजवणाऱ्या. डावं कानशील ठणकतं म्हणून नोव्हेंबरात एकदा येऊन गेल्या होत्या. तेव्हा लॉवेलने सर्दीचं, नाकातल्या सुजेचं औषध दिलं होतं.

‘‘कमी आहे का?’’ त्याने विचारलं.

‘‘तसं फार नाही.’’

‘‘किती म्हणाल, दहापैकी?’’

मिसेस क्वामनी पट्टीकडे बघितलं. चौथीतल्या मुलाने काढलेलं चित्र बघावं तसं. ‘‘दोन.’’

‘‘आणखी काही?’’

‘‘खांदे सकाळी आखडतात. वय झालं. तुझेही आखडत असतील, कसा उभा आहेस बघ. सरळ उभा राहा.’’

लॉवेल सरळ उभा राहिला. बाहेर सहा माणसं बसली होती, त्यातली तीन खोकत होती. त्याने सर्दीचं औषध आणखी दहा दिवस वाढवलं, चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणाला, आणि मिसेस क्वाम थँक्यू म्हणून गेल्या. पुढच्या खोलीत एक घसा खाकरणारा डॉक्टर लहान मुलांच्या कानांवर बोलत होता आणि आर्डेल टाच विणत होती.

शनिवारी चर्चच्या तळघरात ल्यूटफिस्कचं जेवण होतं. हा वाळवलेला मासा सोड्याच्या पाण्यात इतके दिवस भिजवतात की शेवटी त्याचा मासेपणा जातो आणि ताटात एक थरथरता, पारदर्शक गोळा उरतो. पूर्वज गरिबीत खायचे म्हणून आम्ही वर्षातून एकदा पैसे देऊन खातो. त्यावर भरपूर लोणी ओततात, म्हणजे निदान लोण्याची तरी चव येते. प्रत्येक जण एकच वाढ घेतो आणि मग ‘‘झालं बाई कर्तव्य’’ असा चेहरा करून मीटबॉल आणि लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, यांकडे वळतो.

लॉवेलकडे कॉफीची किटली होती. तो टेबलांमधून वाकून वाकून ओतत होता, तेवढ्यात आर्डेलने त्याची बाही ओढली.

‘‘क्वामबाईंकडे बघ.’’

‘‘काय झालं?’’

‘‘दुसऱ्यांदा ल्यूटफिस्क घेतला.’’

लॉवेल थांबला. ही खरोखर बातमी होती. ‘‘आवडला असेल.’’

‘‘कुणाला आवडतो? आणि मीटबॉल ताटात तसेच. माझ्या हातचे मीटबॉल, लॉवेल. एक घेतला, चारदा चावला, थांबली. मग पुन्हा चारदा, पुन्हा थांबली. मग रुमालात काढून ठेवला. मी मघापासून बघतेय.’’

‘‘दात असेल एखादा.’’

‘‘दात दुखला तर माणूस दुसऱ्या बाजूने चावतो. ही थांबते. दम खाते. तिचा जबडा दमतो.’’ आर्डेलने आवाज खाली आणला. ‘‘पन्नाशीच्या पुढे, नवीन डोकेदुखी, खांदे आखडलेले, आणि चावताना जबडा दमतो. त्यात पूर्वज नॉर्वे-स्वीडनकडचे. ती बाई म्हणाली होती, असलं काही दिसलं तर थांबू नका, डोळे जातात.’’

‘‘कोण बाई?’’

‘‘लाल चष्म्याची. डॉक्टरीण.’’

‘‘कुठली लाल चष्म्याची?’’

‘‘तुझ्या तासातली! ऑक्टोबरातली. ‘पन्नाशीनंतरची डोकेदुखी.’ दीड तासाची होती. तुला नव्वद टक्के पडले होते.’’

लॉवेलने किटली जवळच्या टेबलावर ठेवली. ज्याच्या कपात तो ओतत होता त्या माणसाने पुढे पाच मिनिटं वाट बघितली आणि मग उठून स्वतःच ओतून घेतली. तक्रार अर्थातच केली नाही.

मिसेस क्वामना त्याने जिन्याखाली, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी गाठलं.

‘‘डोकं विंचरताना दुखतं का तुम्हाला?’’

‘‘नाही.’’

‘‘अजिबात नाही?’’

‘‘आठवडाभर विंचरलंच नाही, तर दुखेल कसं? म्हणून तर टोपी घातलीय.’’

‘‘आणि नजर? मधेच अंधारल्यासारखं होतं का?’’

त्यांनी टोपी कानावर ओढली. ‘‘तो ऑर्गनवरचा दिवा आहे. डाव्या बाजूला खालच्या ओळी दिसेनाशा होतात. मी बल्ब बदलायला सांगितलं, त्यांनी बदलला. पुन्हा सांगितलं, पुन्हा बदलला. स्वस्तातले आणतात मेले.’’

‘‘घरी होतं का तसं?’’

‘‘घरचा बल्बही मी बदलला,’’ मिसेस क्वाम म्हणाल्या. मग त्यांनी लॉवेलच्या तोंडाकडे बघितलं, आणि चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेल्या बाईला जे कळायचं ते कळलं. ‘‘माझा कोट दे.’’

दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच. लॉवेलने शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला, कपाटातून स्टिरॉइडच्या गोळ्या काढल्या, मोठा डोस समोर बसून गिळायला लावला. डोक्याला रक्त पुरवणारी नळी सुजते, सूज वाढली की डोळ्याचं रक्त बंद होतं. तपासण्या नंतर, गोळी आधी. हे सगळं त्याला माहीत होतं. कधीच माहीत होतं. विद्यार्थी असताना पुस्तकात खाली रेघ मारून ठेवलेलं. फक्त ते एकतीस वर्षांच्या खोकल्यांच्या आणि नखांच्या खाली कुठेतरी दबलं होतं, आणि ते वर काढायला जो दीड तास होता तो आर्डेलने ऐकला होता.

रुग्णवाहिका यायला दीड तास लागला असता. त्याने त्यांना स्वतःच्या गाडीत बसवलं.

वीस मैल मागे पडले. बाहेर बर्फ सपाट पडलेला, मधून मधून एखादं धान्याचं कोठार.

‘‘मिसेस क्वाम, बुधवारी मी हे ओळखायला हवं होतं.’’

‘‘हो,’’ त्या म्हणाल्या.

त्याला वाटलं होतं, त्या ‘जाऊ दे रे’ म्हणतील. गावात सगळे तेच म्हणतात. त्या बाहेर बघत राहिल्या. आणखी दहाएक मैल गेल्यावर म्हणाल्या, ‘‘मीही सांगायला हवं होतं. पण तू विचारलं नाहीस. आणि मी सांगितलं नाही. दोघांनाही नापास करते मी.’’

उजवा डोळा वाचला. डाव्याचा खालचा अर्धा भाग गेला तो गेलाच. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने लॉवेलला बाजूला घेऊन पाठ थोपटली, ‘‘बरं झालं आणलंत, दुसराही गेला असता.’’ आणि मग बोलता बोलता, काही मनात न ठेवता, म्हणाला, ‘‘दोन-तीन दिवस आधी आल्या असत्या तर कदाचित दोन्ही पूर्ण राहिले असते.’’

शनिवारातून बुधवार वजा करायला लॉवेलला कुणाची मदत लागली नाही.

सोमवारी सकाळी तो आर्डेलच्या टेबलाशी बसला आणि तासांची यादी उघडली. ‘पन्नाशीनंतरची डोकेदुखी, चुकू नये असं काही.’ दीड तास. नव्वद टक्के. खाली त्याचं नाव आणि एक वाक्य, ज्यापुढे त्याने ऑक्टोबरात खूण केली होती: ‘मी या शिक्षणात प्रत्यक्ष भाग घेतला आहे.’

त्याने ती ओळ काढून टाकली. मग त्याच्या वरची. मग लहान मुलांचे कान. आर्डेल फोन खाली ठेवून बघायला लागली.

‘‘काय करतोयस?’’

‘‘हे कुणी ऐकलं?’’

‘‘मी.’’

‘‘आणि हे? सांधे?’’

‘‘मीच. तोही घसा खाकरणारा. छान होता, पण पाणी पी म्हणावं.’’

‘‘थायरॉइड?’’

‘‘ते अर्धं तू ऐकलंस. मग जेन्सनची गाय त्याच्या पायावर बसली.’’

त्याने थायरॉइडही काढलं. बुधवारचे ते कान धरून तेवीस तास गेले. साठ उरले.

‘‘वेड लागलंय तुला,’’ आर्डेल म्हणाली. ‘‘चाळीस तास? तेवीस दिवसांत? फ्लूचा मोसम आहे, नाताळ आहे. कोण येणारे बघायला, तू ऐकलंस की मी? आणि नाही झाले तर? माझा रक्तदाब कोण बघणार, तो पडद्यावरचा ‘सगळं ठीक’वाला?’’

‘‘तोच प्रश्न आहे ना. कोण बघत होतं?’’

आर्डेलने सुया उचलल्या आणि तीन ओळी न बोलता विणल्या. आमच्याकडे याला भांडण म्हणतात.

संध्याकाळी मॅरिसला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली. ‘‘म्हणजे सुटायची वाट आयती चालून आलीय लॉवेल. काही करू नकोस. नुसता बसून राहा. एकतीस तारीख आपोआप येते.’’

खरं तर त्यालाही ते सुचलं होतं. सगळ्यांत भीती त्याचीच वाटत होती. काहीही न करता संपून जाणं किती सोपं होतं. इतका थकवा हाडांत मुरलेला की अंगणातली संत्री डोळ्यांपुढे यायची. ‘‘सोडायचं तर सोडीन,’’ तो म्हणाला. ‘‘पण हे असं अर्धवट नाही. आधी शंभर पुरे करतो. मग बोलू.’’

‘‘तुझा बापही असंच म्हणायचा आणि मग पुन्हा पेरणीला लागायचा,’’ मॅरिस म्हणाली. पण फोन ठेवला नाही.

मग सुरू झालं ते. सकाळी साडेसहाला, दवाखाना उघडायच्या आधी, एक तास. दुपारच्या जेवणात एक. रविवारी चर्चनंतर चार. नाताळच्या दिवशी मॅरिसने पाठवलेली संत्री सोलत, पाठीच्या कण्यावर तीन. लाल चष्म्याची डॉक्टरीण त्याने सलग दोनदा ऐकली. चांगलं बोलते. सावकाश बोलते. स्लाइडवर कानशिलावरची फुगलेली शीर आली तेव्हा त्याने थांबवलं, उठून खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला आणि पुढे ऐकलं.

आर्डेलला आता ‘हो’ दाबायचं काम नव्हतं. तरी ती शेजारी खुर्ची ओढून बसायची. ‘‘आता बघ, हा गोष्ट सांगणार त्याच्या आजीची.’’ तो सांगायचा. ‘‘आता चूक करतोय असं दाखवेल आणि म्हणेल, फसलात ना?’’ तो म्हणायचा. एकदा लॉवेल वैतागला, ‘‘तुला सगळं पाठ आहे तर तूच का नाही झालीस असिस्टंट?’’

‘‘मला कुणी तास मोजून दिले नाहीत,’’ आर्डेल म्हणाली. ‘‘डावा हात पुढे कर जरा, स्वेटरच्या बाहीचं माप घेते.’’

ऐकता ऐकता लॉवेलच्या शेजारी एक पिवळा कागद साचायला लागला. त्यावर नावं. जी गोळी तो सवयीने देत आला होता आणि सात-आठ वर्षांपूर्वीच लोक देईनासे झाले होते, ती कोणाकोणाला चालू आहे. कोणाची कुठली तपासणी राहिली. अकरा नावं झाली. रोज दुपारी तो त्यातल्या एकाला फोन करायचा.

‘‘कार्स्टन, ती रात्रीची पांढरी गोळी बंद कर. उद्या येऊन जा.’’

‘‘का? काय झालं?’’

‘‘काही नाही. मी जरा ऐकत होतो.’’

‘‘कुणाचं?’’

‘‘आर्डेलचं,’’ लॉवेल म्हणाला, आणि हॉवलंडला ते लगेच पटलं.

दमणं कमी झालं नाही. खोटं कशाला सांगा, वाढलंच. एका सकाळी तो पाठदुखीच्या व्याख्यानात बसल्या बसल्या झोपला, पडद्याने दहा मिनिटांनी ‘तुम्ही अजून आहात का?’ विचारलं, तो झोपलेलाच होता, व्याख्यान थांबलं, आणि आर्डेल येईपर्यंत ते तसंच थांबून राहिलं. तिने माउसला हात लावला नाही. कोट त्याच्या खांद्यावर टाकला आणि फोनची घंटी बंद केली.

एकतीस तारखेला दुपारी दोन वाजता तीन तास बाकी होते. बाहेर वारा सुटला होता आणि गावात कुणाला काही होऊ नये अशी प्रार्थना आर्डेलने उघडपणे चालवली होती. व्याख्यान रंगात आलेलं, तेवढ्यात दार उघडून मिसेस क्वाम आत आल्या. गोळ्यांनी चेहरा जरा गोल झाला होता, केस नीट विंचरलेले. डोकं ठणकणं गोळी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी थांबलं होतं. आजची भेट साखर आणि रक्तदाब बघायची.

‘‘चालू दे तू,’’ आर्डेल पटकन म्हणाली. ‘‘मी आहे ना इथे. मी ऐकते. एकदाच लॉवेल. शेवटचं.’’

लॉवेलने घड्याळाकडे बघितलं, मग पडद्याकडे. मग व्याख्यान थांबवलं आणि उठला.

त्याने घाई केली नाही. साखर बघितली, रक्तदाब बघितला, एक एक डोळा झाकून बोटं मोजायला लावली. डाव्या डोळ्याला खालची बोटं दिसली नाहीत. दोघांनाही ते माहीत होतं, तरी त्याने लिहून घेतलं.

‘‘वाजवता येतं का?’’

‘‘वरची ओळ दिसते. खालची मला पाठ आहे. गाणारे जरा मागे राहतात, पण ते आधीही राहायचे.’’

‘‘आणि आता दुखतं किती?’’ त्याने पट्टीकडे बोट केलं.

‘‘आता शून्य.’’ मिसेस क्वाम कोटाची बटणं लावायला लागल्या. तिसऱ्या बटणाशी थांबल्या. पट्टीवरचे चेहरे एक एक करत त्यांनी डावीकडून उजवीकडे पाहिले. ‘‘तेव्हाचं विचारशील, तर तो बुधवार…’’ त्यांना ते सोपं जात नव्हतं. लॉवेल थांबला. पुढच्या खोलीत घड्याळ चाललं होतं आणि तो थांबला. ‘‘सात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लिही ते.’’

त्याने बुधवार, तीन डिसेंबरच्या पानावर, दोनच्या शेजारी, आजची तारीख घालून सात लिहिलं. असा आकडा त्या दवाखान्याच्या कागदांत पहिल्यांदाच पडला.

परत येऊन बसला तेव्हा पावणेतीन झाले होते. मधे एक खोकला आला, एक जण बर्फावरून घसरून आला. तो दोन्ही वेळा व्याख्यान थांबवून उठला आणि दोन्ही वेळा परत आला. सात वाजता शेवटच्या तासाची शेवटची परीक्षा लागली. विषय, पायाच्या अंगठ्यात रुतलेलं नख.

आर्डेलने सुया बाजूला ठेवल्या. लॉवेलने बाह्या सरसावल्या. एकतीस वर्षांत त्याने निदान चारशे नखं काढली असतील.

दहापैकी सहा आले. नापास.

‘‘हे चूक आहे,’’ लॉवेल म्हणाला. ‘‘मी रोज हेच करतो.’’

आर्डेलने लेफ्साचा डबा जवळ ओढला.

‘‘चौथ्या प्रश्नाचं उत्तर कुठलं असेल?’’

आर्डेलने ओठ घट्ट मिटले. ते व्याख्यान तिने मागच्या वर्षी ऐकलं होतं, उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर असं स्पष्ट दिसत होतं की लॉवेलला मान वळवावी लागली. तिने लेफ्साचा डबा उघडला, एक पोळी लोणी-साखर लावून गुंडाळली आणि त्याच्या हाताशी ठेवली.

त्याने ती खाल्ली नाही. चष्मा कपाळावरून खाली ओढला, व्याख्यान पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि वाकून बसला. मग काय वाटलं कोण जाणे, पाठ जरा सरळ केली.